साताऱ्या-सांगलीत प्राणी-पक्षी बघायची ट्रिप कशी आखायची (पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी)

दिवाळी झाली की पुण्या-मुंबईकडच्या कुणाचा तरी फोन येतोच. "तुमच्याकडं वाघ आलेत म्हणे, शनिवार-रविवार येतोय, दिसतील ना?" मी राहतो कराडात, म्हणजे साताराही जवळ आणि सांगलीही जवळ, त्यामुळं दोन्हीकडच्या रानाचा ठेका माझ्याकडंच आहे असं पाहुण्यांना वाटतं. दरवेळी तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढतो.

वाघाचं आधी उरकून टाकू. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला, बफर म्हणजे भोवतालचा पट्टा धरून साधारण ११६५ चौरस किलोमीटर. बरीच वर्षं तिथं वाघ म्हणजे कधीतरी कॅमेऱ्यात आला तर आला. अलीकडं काही नर तिथं टिकलेत, आणि २०२५ सरता सरता ताडोबातनं वाघीण आणून चांदोलीत सोडलीय, ही खरंच आनंदाची गोष्ट. पण एवढं मोठं दाट, ओलं, डोंगराळ रान आणि वाघ बोटावर मोजण्याइतके. ताडोबात रस्त्याच्या कडेला जीप लावून जसा दिसतो तसा इथं दिसत नाही. मी इतक्या वर्षांत एकदा चिखलात ठसा बघितलाय, आणि त्याचा फोटो काढताना हात थरथरला म्हणून तोही हललेला आला. तेव्हा वाघ यादीतून काढा, दिसला तर लॉटरी समजा. तो काढला की मग लक्षात येतं की ह्या दोन जिल्ह्यांत बघायला केवढं आहे.

पहिली पायरी: गाव नंतर, आधी प्राणी आणि महिना

माझी पहिली ट्रिप ऐका म्हणजे कळेल. तीन दिवस, सात ठिकाणं, महिना ऑगस्ट, कारण सुट्टी ऑगस्टमध्ये होती. मायणीला रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला गेलो तर रोहित सोडा, तळ्यावर एक खंड्या आणि गळ टाकून बसलेली दोन पोरं. तिथनं वासोटा किल्ल्यासाठी धावत बामणोलीला गेलो तर पावसाळ्यात वासोटा बंद असतो हे तिथं पोचल्यावर कळलं. सांगलीत कृष्णा दुथडी भरून वाहत होती, मगर कुठनं दिसणार. सातपैकी पाच ठिकाणी चहा पिऊन परत. गाडीचं डिझेल मात्र पूर्ण सात ठिकाणांचं जळलं.

चूक साधी होती. मी ठिकाणं निवडली, तारखा आपल्या सोयीनं टाकल्या आणि जनावरांनी हजर राहावं अशी अपेक्षा धरली. ते उलटं करायचं असतं. काय बघायचंय ते ठरवा, ते कुठल्या महिन्यात दिसतं ते बघा, मग रजा टाका. रजा आधीच ठरली असेल तर त्या महिन्यात जे दिसतं त्यावरच समाधान माना, दुसरं काही जबरदस्तीनं घुसडू नका.

इथला हिशोब ढोबळमानानं असा. डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे तळ्यावरचे पाहुणे पक्षी आणि नदीकाठी उन्हाला पडलेल्या मगरी. मार्च ते मे म्हणजे पठारावरचे सरडे (हसू नका, पुढं सांगतो), पाणवठ्यावर येणारी जनावरं आणि जंगलातले गाणारे पक्षी. जून-जुलै बेडूक, काजवे आणि जळवा. ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात म्हणजे कासची फुलं. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कोयना-चांदोलीचं पर्यटन बंदच असतं असं धरून चाला, पक्क्या तारखा दर वर्षी वनखात्याकडनंच घ्यायच्या.

दुसरी पायरी: नकाशावर चार मुलुख पाडा

सातारा-सांगलीची गंमत अशी की पश्चिमेला डोंगरमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस आणि तिथनं गाडीनं दोन-तीन तास पूर्वेला आलं की माण-खटाव-जत, जिथं टँकरची वाट बघतात. दोन्हीकडची जनावरं वेगळी, पक्षी वेगळे, दगडसुद्धा वेगळा. नव्या माणसानं मनात चार पट्टे पाडावेत. एक, वरचे सडे म्हणजे जांभ्याची आणि खडकाची सपाट पठारं: कास, चाळकेवाडी. दोन, घाटातलं दाट जंगल: कोयना, वासोटा, चांदोली. तीन, कृष्णाकाठ: कराडच्या खाली भिलवडी, औदुंबर, सांगलीपर्यंत. चार, कोरडा पूर्व भाग आणि त्यातली तळी: मायणी, येरळवाडी, आणि वाटेत सागरेश्वर.

एका ट्रिपमध्ये शक्यतो प्रत्येक पट्ट्यातलं एकच ठिकाण घ्या, जाता-येता वाटेवर पडत असेल तरच आणखी. हा नियम मी पुष्कळ डिझेल जाळून शिकलोय. कास बघितलं की अजून दोन पठारं करायची हौस येते, पण नव्या डोळ्याला ती सगळी सारखीच दिसतात. त्यापेक्षा सड्यावरनं सरळ नदीवर उतरा, म्हणजे रोज काहीतरी पूर्ण वेगळं समोर येतं आणि बरोबरची मंडळी कुरकुर करत नाहीत.

तिसरी पायरी: दिवसाचे तास आधी ठरवा, मग हॉटेल बुक करा

प्राणी-पक्षी बघायचे तास दोनच, उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत आणि चारपासून अंधार पडेपर्यंत. मधला वेळ प्रवास, जेवण, झोप. मगर आणि सरडे मात्र ह्याला अपवाद, त्यांना ऊन लागतं, ते उशिरा उठणाऱ्यांचे मित्र. म्हणून मुक्काम पहाटेच्या ठिकाणाजवळ घ्यायचा, रात्रीच्या जेवणाच्या ठिकाणाजवळ नाही. साताऱ्यात मस्त हॉटेल घेतलं आणि पहाटे मायणीला जाऊ म्हटलं तर पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि पक्षी तळ्याच्या मध्यावर ठिपके होऊन बसलेले असतात.

आणि गाडी पळवायची वेळ दुपारची ठेवा. घाटरस्त्यावर रात्री गवे आडवे येतात. गवा म्हणजे गाय नाही, नर हजार किलोच्या घरात जातो, त्याला धडकलात तर गाडी मोडते आणि तो चालत निघून जातो.

आता एक खरी ट्रिप, जानेवारीची, सहा दिवस

ही मी पाहुण्यांना देतो ती. जशीच्या तशी करा असं नाही, चार दिवस असतील तर मधलं एखादं गाळा, पण क्रम बदलू नका, कारण सोपं आधी आणि अवघड नंतर असा तो लावलाय.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सांगलीला या. पुणे-मिरज रेल्वेलाईनवर सातारा, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली अशी सगळी कामाची स्टेशनं ओळीनं आहेत, त्यामुळं गाडी नसेल तरी येता येतं, पुढं मात्र दोन-तीन दिवसांसाठी स्थानिक गाडी ठरवावी लागते. रात्री भडंग खाऊन झोपा.

दुसरा दिवस मगरीचा. घाई नाही, आठ-साडेआठला निघा. भिलवडीचा दगडी घाट आणि पलीकडं औदुंबरचं दत्ताचं देवस्थान, ह्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. जुनी माणसं तिला सुसरच म्हणतात, पण खरी लांब तोंडाची सुसर इथं नाही, ही रुंद तोंडाची नदीतली मगर. तिचं रक्त थंड, त्यामुळं हिवाळ्यात रात्रभर गारठलेलं अंग तापवायला ती नऊ ते बारा-एकच्या सुमाराला चिखलाच्या काठावर किंवा वाळूच्या बेटावर येऊन पडते, कधीकधी तोंड उघडं टाकून. नवख्याला ती दिसतच नाही, ओंडका वाटतो. युक्ती अशी की काठावरचा प्रत्येक ओंडका दुर्बिणीतून बघायचा आणि दहा मिनिटांनी परत बघायचा, जो ओंडका जागेवर नाही ती मगर.

बघायचं ते घाटावरनं, पुलावरनं किंवा नावेतनं. पाण्याच्या कडेला उकिडवं बसून फोटो काढायचा नाही, हात-पाय धुवायचे नाहीत, लहान पोरांना पायरीवर सोडायचं नाही. ह्या नदीवर माणसं कपडे धुतात, जनावरं धुतात, शेतीच्या मोटारी चालवतात, आणि मगरीनं ओढल्याच्या घटना इथं घडलेल्या आहेत, त्यामुळं गावकऱ्याला "मगर कुठं दिसंल?" असं हसत हसत विचारू नका, जरा बेतानं विचारा. मला एका मामांनी उत्तर दिलेलं, "तुमी बगाय येताय, आमाला पानी वडायला जायचं आस्तंय." तेव्हापासून मी आधी पाऊसपाण्याची, उसाची चौकशी करतो, मग मगरीची.

दुपारी सागरेश्वर. देवराष्ट्रे गावाजवळ, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, ताकारी स्टेशनही जवळच. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य, पण त्याची गोष्ट मला फार आवडते. हे मुळातलं जंगल नाही, उघड्या बोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं रान आहे, वृक्षमित्र धों. म. मोहिते ह्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. हरणं आणून सोडली, कुंपण घातलं, आणि ती इतकी वाढली की आता कुंपणाबाहेर येऊन पिकं खातात म्हणून आजूबाजूचे शेतकरी वैतागलेत. चितळ, सांबर, काळवीट, मोर, नशीब असेल तर कोल्हा किंवा साळिंदराचा काटा. लहान मुलं बरोबर असतील तर हे ठिकाण सोडूच नका, कारण इथं काहीतरी दिसतंच, आणि पहिल्या दिवशी काहीतरी दिसलं की पुढचे चार दिवस पोरं तोंड बंद ठेवायला तयार होतात. चारला आत जा, वरच्या टोकावरनं कृष्णेचं खोरं बघा, पायथ्याची जुनी देवळं बघा. कुंपणातलं रान म्हणून नाक मुरडणारे लोक भेटतात मला, त्यांना मी काही बोलत नाही.

मुक्काम विट्याला, कारण पहाटे मायणी गाठायचीय.

तिसरा दिवस पाण्याचा. मायणीचं तळं आणि तिथनं वडूजच्या बाजूला येरळवाडीचं, दोन्ही खटाव तालुक्यात, दोन्ही येरळा नदीच्या खोऱ्यात. इथं हिवाळ्यात रोहित येतात, उंच गुलाबी पायाचे, काही जण अग्निपंख म्हणतात. आता महत्त्वाचं ऐका, हे मला कळायला तीन हिवाळे गेले. रोहित चोच उलटी करून उथळ पाण्यातला चिखल गाळून खातो, त्यामुळं त्याला गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो. ज्या वर्षी पाऊस दणकून होतो आणि तळं काठोकाठ भरतं त्या वर्षी शेतकरी खूश आणि रोहित गायब, कारण पाय टेकत नाहीत. म्हणून निघायच्या आधी "रोहित आलेत का" एवढंच विचारून थांबू नका, "तळ्यात पाणी किती आहे, कडेला चिखल उघडा पडलाय का" हे विचारा. चिखल उघडा असेल तर रोहित नसले तरी शेकाट्या, चमचे, तुतवार असे चिखलात नाहीतर उथळ पाण्यात चोच घालणारे सगळे असतात.

पट्टकादंब दिसले तर टोपी काढा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेलं राखाडी हंसासारखं पाखरू, ते तिबेट-मंगोलियाकडनं हिमालय ओलांडून येतं आणि आपल्या खटावच्या हरभऱ्यात चरतं. चक्रवाकही तिकडूनच, नारिंगी रंगाचा, जोडीनं असतो, आवाज मोठा. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरून उभं राहायचं, नाहीतर सगळे पक्षी काळे दिसतात आणि मग ओळखण्यावरनं भांडणं होतात. बांधावर सरळ चालत जायचं नाही, पहिला पक्षी मान वर करून बघायला लागला की तिथंच थांबायचं, अजून चार पावलं टाकलीत तर पूर्ण थवा उठतो आणि मग तो तास-दीड तास बसत नाही. पुण्याचा एक ग्रुप ड्रोन घेऊन आलेला मी बघितलाय, दोन मिनिटांच्या व्हिडिओसाठी अख्खं तळं रिकामं करून गेले.

वाटेतला माळ बघत या. वडूज-पुसेगाव-कोरेगाव करत साताऱ्याला येताना उघड्या माळावर भोवत्या म्हणजे जमिनीलगत तरंगत जाणारा शिकारी पक्षी, धाविक, चंडोल आणि भाग्य असेल तर खोकड दिसतं. कुणी लांडगा दिसला म्हणून सांगितलं तर खोटं समजू नका, ह्या भागात तो आहे, पण मेंढपाळाला विचारायचं, कारण त्याच्या इतकं लांडग्याचं कुणालाच ठाऊक नसतं. साताऱ्यात मुक्काम, दोन रात्री, चांदोलीला सहाव्या दिवशी निघणार असाल तर तीन. सामान सोडवा, कपडे धुवा.

चौथा दिवस वासोटा, आणि हाच सगळ्यात दमवणारा. कास पठारावरनं खाली बामणोली, तिथं वनखात्याची परवानगी, ओळखपत्र, मग कोयनेच्या शिवसागर जलाशयातनं तासा-दीड तासाचा बोटीचा प्रवास आणि पलीकडं उतरलं की थेट कोयना अभयारण्य. बोट पूर्ण ठरवावी लागते, त्यामुळं दोघं-तिघं असाल तर तिथल्याच दुसऱ्या ग्रुपला विचारून एकत्र व्हा. सकाळी जेवढं लवकर पोचाल तेवढं बरं, कारण संध्याकाळी ठरलेल्या वेळेआत परत फिरावंच लागतं, आत मुक्काम करता येत नाही. प्लास्टिक मोजून आत सोडतात आणि बाहेर येताना परत मोजतात, ते मला फार आवडतं.

लोक वासोट्याला किल्ला म्हणून पळत चढतात. तुम्ही पळू नका, वर नाही पोचलात तरी चालेल. पहिल्या अर्ध्या तासातली ओढ्याजवळची वाट सगळ्यात भारी. तिथं थांबून वर बघायचं, फांद्या हलल्या की शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, लालसर-तपकिरी, शेपटीसकट मांजरापेक्षा लांब, झाडावरनं खाली उतरायला नाखूश. त्याची काड्यापानांची घरटी उंच फांद्यांच्या टोकाला असतात, एकाची बरीच असतात, त्यामुळं दहा घरटी म्हणजे दहा शेकरू असा हिशोब करू नका. जमिनीवर शेणाचे ताजे पो दिसले तर गवा जवळपास आहे, आवाज खाली, पोरांना मध्ये घ्या. भुंकल्यासारखा आवाज आला तर कुत्रं नाही, भेकर आहे. अस्वलंही आहेत, म्हणून एकट्यानं पुढं जायचं नाही. आणि पहाटे किंवा ढगाळ हवेत कुणीतरी पोरगं रमतगमत शीळ घालतंय असं वाटलं तर तो पर्वत कस्तूर, पावसाच्या तोंडावर तर तो थांबतच नाही.

पाचव्या दिवशी पाय दुखत असतात. मुद्दामच सोपं ठेवलंय. उशिरा उठा, कंदी पेढे घ्या, दुपारनंतर सज्जनगडावरनं ठोसेघर करत चाळकेवाडीच्या पठारावर जा, सूर्यास्ताला पवनचक्क्या बघा. जानेवारीत इथं पिवळं गवत आणि वारा, फार काही नाही. पण एप्रिलमध्ये आलात तर ही जागा पहिल्या नंबरवर घ्या, आणि आता सरड्याचं सांगतोच.

सरडा बघायला एवढ्या लांब?

हो. चाळकेवाडीच्या सड्यावर एक सरडा आहे, नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी घडी, उन्हाळ्यात मार्च ते मे तो दगडावर चढून ती फटकन उघडतो आणि आत निळा, काळा, नारिंगी असे रंग, डोळे दिपतात. मादी साधी मातकट. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी ह्या सरड्यांचा नवा गट वेगळा काढला तेव्हा त्याचं नावच ठेवलं 'सारडा', आपल्या मराठी सरड्यावरनं, आणि त्यातल्या ह्या जातीचा मूळ नमुना ह्याच चाळकेवाडीचा. ह्याच पठारावरची एक पाल २००८ मध्ये जगाला कळली, तिच्या शास्त्रीय नावात सातारा आहे. आपल्या जिल्ह्याचं नाव पालीला दिलंय म्हटल्यावर माझ्या आईनं तोंड वाकडं केलं, पण मला अभिमान आहे.

त्याहून गमतीशीर ते पवनचक्क्यांचं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इथं अभ्यास केला, २०१८ मध्ये तो छापून आला. पवनचक्क्या फिरतात तिथं ससाणे, घारी, गरुड असे शिकारी पक्षी बाजूच्या मोकळ्या पठाराच्या मानानं जवळजवळ चौपट कमी, आणि त्यांची भीती नाही म्हणून सरडे जास्त, शिवाय बिनधास्त, माणसाला जवळ येऊ देतात. पातं फिरतंय वर आणि खाली दगडावर सरड्याचा मोर झालाय. सकाळी आठ ते अकरा ही वेळ, दगडापासून पाच-सहा हात लांब जमिनीवर बसायचं आणि हलायचं नाही, पहिली दहा मिनिटं काही नसतं, मग एकेक दगड जिवंत होतो. पाय कुठं टाकताय ते बघा आणि दगड उलथू नका, खाली विंचू किंवा फुरसं असतं.

सहावा दिवस: चांदोली

साताऱ्याहून उतरून कराड, तिथनं शिराळ्याच्या बाजूनं वारणावती. हे चांदोलीचं सांगली जिल्ह्यातलं दार. पहाटे आत शिरायचं असेल तर आदल्या दिवशी चाळकेवाडीचा सूर्यास्त सोडा आणि उजेडातच थेट इकडं या, पाच-सहा तास राखून ठेवा. प्रवेश, गाडी, गाईड, कॅमेरा असे पैसे वेगवेगळे लागतात. इथं फोनला रेंज नसते, त्यामुळं स्कॅन करून पैसे देतो म्हणणारा माणूस दारातच अडकतो, सुटे पैसे घेऊन या. आठवड्यात एखादा दिवस बंद असू शकतो, तेही आधी विचारून घ्या.

गाईड घ्यायचाच आणि त्याच्याशी बोलायचं. अभयारण्य झालं तेव्हा आतली गावं उठवली, आणि ती शेतं आता कुरणं झालीत, तिथंच गवे चरायला येतात. मी एकदा गव्यांचा कळप बघून "काय मस्त कुरण आहे" म्हटलं, तर गाईडकाका म्हणाले, "आमचं भाताचं वाफं हुतं ते, पाव्हणं." मग गवे बघायचे राहिले आणि त्यांच्या गावाचंच ऐकत बसलो, कुठं देऊळ होतं, कुठं विहीर. त्या ट्रिपमधलं मला सगळ्यात जास्त तेच आठवतं.

दिसायचं म्हणाल तर गवा बहुतेक वेळा, सांबर, भेकर, रानडुक्कर बऱ्याचदा, रानकुत्री क्वचित पण दिसली तर टोळीनं. बिबट्या तुम्हाला बघून घेतो, तुम्हाला तो दिसेलच असं नाही. झोळंबीच्या सड्यावर उभं राहून खालचं रान आणि वसंत सागर जलाशयाचं पाणी बघा. परत येऊन कराडहून रात्रीची रेल्वे.

कासचं राहिलं म्हणाल. जानेवारीत कासला फुलं नसतात, तेव्हा फुलांच्या फोटोंवर विश्वास ठेवून येऊ नका. फुलांसाठी सप्टेंबर, ऑनलाइन बुकिंग आधी करूनच, कारण रोजची माणसं मोजून सोडतात, आणि शक्यतो मंगळवार-बुधवारी, शनिवार-रविवारी फुलांपेक्षा गाड्या जास्त. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं तेव्हापासून गर्दी हटत नाही. सगळे सेल्फीत गुलाबी तेरडा धरतात, तुम्ही खाली वाकून दवबिंदू शोधा, चिकट थेंबांनी किडे पकडून खाणारी नखाएवढी वनस्पती. आणि डबक्यात वायतुरा बघा, इंग्रजी वायसारखा दोन फाट्यांचा तुरा, साताऱ्याच्या पठारांवरची खास वनस्पती.

सामान

दुर्बीण ८ बाय ४२ ची, एवढी एक गोष्ट चांगली घ्या, कॅमेरा नसला तरी चालतो. विकत घ्यायच्या आधी कुणाची तरी मागून आणा. मातकट, हिरवट कपडे, पांढरा शर्ट आणि अत्तर नको. पावसाळ्यात जळवांसाठी लांब मोजे आणि मिठाची पुरचुंडी. मोबाईलवर मर्लिन आणि ई-बर्ड ही पक्ष्यांची ॲप घरीच उतरवून ठेवा, आपल्या भागाची पक्ष्यांची फाईलसुद्धा, जंगलात रेंज नाही. पण मर्लिनमधला आवाज स्पीकरवर वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही, विणीच्या दिवसात बिचारा घरटं सोडून भांडायला येतो. खाऊ म्हणून चपाती-भाजी, शेंगदाण्याची पोळी, केळी. भडंग आणि कुरकुऱ्याची पिशवी जंगलात काढायची नाही, तिचा आवाज अर्ध्या किलोमीटरवर जातो, मी स्वतः एकदा त्यापायी समोरचं सांबर घालवलंय आणि मित्र अजून बोलून दाखवतात.

साप चावला तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही, माणसाला हलवू न देता सरकारी दवाखान्यात, १०८ ला फोन. रेंज नाही म्हणून हा नंबर पाठ करून काही होत नाही, तेव्हा सगळ्यात जवळचा मोठा दवाखाना कुठं आहे ते प्रत्येक मुक्कामावर पोचलं की विचारून ठेवा. वणवा, शिकार, जखमी जनावर दिसलं तर वनखात्याचा १९२६.

काहीच दिसलं नाही तर

होतं असं. दोन दिवस कोरडे गेले की ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच, चला महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खाऊ. जायला हरकत नाही, तिथंही शेकरू आहे, पण निघायच्या आधी एक दिवस एकाच जागी बसून बघा. नवी माणसं ठिकाण बदलतात, जुनी माणसं वेळ बदलतात. मायणीला सकाळी रिकामं गेलं तर त्याच बांधावर संध्याकाळी पाचला परत जा, रात्रीच्या मुक्कामाला पक्षी उतरतात तेव्हा आकाश भरतं. ह्यासाठी आखतानाच सहा दिवसात एक अर्धा दिवस रिकामा सोडायचा, कुठंही न लिहिलेला. माझ्या पाहुण्यांपैकी निम्मे तो भरून टाकतात, पाचगणी, प्रतापगड, कुणाचं तरी लग्न, आणि मग रोहित राहिले म्हणून मलाच फोन करतात.

बुकिंगचा क्रम शेवटी एकदा: आधी चांदोली आणि वासोट्याची परवानगी, मग गाडी, मग विट्याची खोली (जानेवारीत लग्नसराई, लॉज भरतात), मग साताऱ्याची, सगळ्यात शेवटी रेल्वेचं परतीचं तिकीट, कारण चांदोलीत गवा रस्त्यावर बसला तर तो उठेपर्यंत थांबावं लागतं.